पाठीमागचं पाणी

होळीनंतर सुरतेतल्या उधन्याचं लूमचं खातं, म्हणजे यंत्रमागांचा कारखाना, बंद झालं. शेठनं धोट्याचे जुने लूम भंगारात काढले आणि त्या जागी पाण्याच्या फवाऱ्यावर चालणारी नवी यंत्रं आणली. जुन्या लूमवर सहा माणसं लागत. नव्या यंत्रांवर दोन पुरली, आणि ती दोन्ही तरुण होती. भाईदास त्या खात्यात सव्वीस वर्षं होता. जाताना शेठनं त्याला हिशेब दिला, चहा पाजला, आणि कोपऱ्यात पडलेली बीमची लोखंडी ट्रॉली न्यायची असेल तर ने म्हणाला. भाईदासनं ट्रॉली डिंडोलीच्या घरापर्यंत ढकलत आणली. तिचं काय करायचं हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

सव्वीस वर्षांत त्याचे कान गेले होते. एकदम गेले नाहीत. आधी पाखरांचा आवाज गेला, मग फोनची घंटी, मग शेजारच्यांचं बोलणं. खात्यात त्याचं काही अडत नसे, कारण तिथं सगळेच हातांनी बोलत. मूठ वळून मनगट फिरवलं की चहा. दोन्ही तळवे वर उचलले की बीम चढव, म्हणजे धाग्यांनी भरलेला जड रूळ उचलून लूमवर ठेव. दोन बोटं जोडून झटकन फाकवली की तार तुटली. हा इशारा दिसला की विणकर आधी लूम थांबवी आणि मगच कुठं तुटली ते बघे. आधी बघत बसणाऱ्याचं कापड वाया जाई. कुणी पाठमोरा असेल तर त्याच्यासमोरच्या भिंतीवर बॅटरीचा उजेड हलवत. त्याची बायको सुंदरा रोज डबा घेऊन जाई. तिच्याकडं बॅटरी नसे. ती दाराच्या उन्हात उभी राहून डब्याच्या झाकणाचा कवडसा भाईदासच्या लूमवर पाडी.

खातं सुटल्यावर सचिन औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात त्याला वॉचमनचं काम लागलं. ते नऊ दिवस टिकलं. नवव्या दिवशी तो फाटकाशी झाडांना पाणी घालत होता आणि मागं ट्रक हॉर्न देत उभा होता. शेवटी ड्रायव्हर खाली उतरला, भाईदासच्या पुढ्यात येऊन त्यानं टाळ्या वाजवल्या, आणि लहान पोराला दाखवावं तसं बोटानं फाटक दाखवलं. चहाच्या टपरीवरची माणसं हसली. सुपरवायझर आला. त्यानं भाईदासच्या गळ्यातली शिट्टी काढून घेतली. एवढंच. भाईदास घरी येऊन भिंतीकडं तोंड करून झोपला.

त्याच आठवड्यात नंदुरबारकडच्या गावाहून त्याच्या भावाचा, सुकदेवचा फोन आला. फोन सुंदरानंच घेतला.

"वहिनी, मच्छीमार सोसायटीमा एक जागा खाली शे," सुकदेव म्हणाला. "आपला घाटवर आते धरणनं पाणी बारा महिने ऱ्हास. आखाजीना सकाळी ज्यानी होडी घाटले लागी, त्याले मासा धरानी जागा. भाऊले सांग. नही तर काशिनाथना पोऱ्या टपेल शे."

"यासले काई आयकू येस नही, भाऊजी."

"मासा काय बोलतस?" सुकदेव हसला.

सुंदरा हसली नाही. तिनं भाईदाससमोर बसून, हातांनी आणि ओठांनी, सगळं सांगितलं: आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, ज्याची होडी घाटाला लागेल त्याला मासेमारीची जागा. भाईदासचं घराणं तापीकाठच्या मासेमार भोयांचं होतं. त्याच्या बापाची होडी होती आणि अठराव्या वर्षापर्यंत भाईदास त्या होडीत वाढला होता. तो उठून बसला. किती दिवसांनी त्याच्या डोळ्यांत काही हललं.

सुंदराला पाण्याची भीती होती, हे घरात कुणी बोलत नसे. दोन हजार सहाच्या पुरात ती सुरतेतल्या कतारगामच्या खोलीत होती. वरच्या धरणातून पाणी सोडलं आणि सकाळी गल्लीत घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी खिडकीला आलं. दीड वर्षाची वर्षा तिनं ओढणीनं पोटाशी बांधली होती. दोन रात्री छपरावर काढल्या. तेव्हापासून ती कुठल्याही पुलावरून गेली की वरच्या बाजूला बघे. पाणी येतं ते वरून येतं, हे तिला पक्कं ठाऊक झालं होतं.

ती वर्षा आता एकोणीस वर्षांची होती. घरी बसून साड्यांवर खडे चिकटवी. साड्या पोचवणाऱ्या बाईच्या माहेरी, मिंढोळा नदी समुद्राला मिळते तिथल्या खाडीकाठी, एक जुनी शिडाची होडी विकायची होती. वर्षानंच ती शोधली.

होडीचे मालक ठाकोरकाका सत्तरीचे होते. त्यांनी इंजिनाची होडी घेतली होती, आणि ही लहान होडी दोन वर्षांपासून खाडीत पडून होती. तीन हात रुंद, दहा-बारा हात लांब, बुडाला डांबर, कडेला निळा रंग उडालेला. बांधावर उभं राहून पाहिलं तर ती दीडशे पावलं दूर, चिखलावर एका कुशीला कललेली दिसे. तिच्या पलीकडं पाण्याचा एक अरुंद पट्टा होता, आणि पट्ट्यापलीकडं पुन्हा चिखल. भाईदास अनवाणी तिच्यापर्यंत गेला. बूड बोटांनी ठोकून पाहिलं, आवाज येत नसला तरी बोटांना फळीचं कळत होतं. मग त्यानं शीड उलगडलं. ठिगळं होती. त्यानं कापड अंगठ्यावर ताणलं, उजेडाकडं धरलं, उभे-आडवे धागे निरखले.

"ताणा मजबूत शे," तो परत येऊन म्हणाला. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यानं तो मोठ्यानं बोले. "सुती शे. आतेना प्लास्टिक नही."

ठाकोरकाकांनी वर्षाला गुजरातीत विचारलं, "तारा पप्पा दरियामां गया छे?"

"ना काका. नदीमां. तापीमां, उपर."

काकांनी मान हलवली. पैसे हातात आल्यावर त्यांनी बांधावर बसून नीट समजावून सांगितलं, आणि वर्षानं ते आईला मराठीत सांगितलं. काका म्हणत होते की आखाजीला नातीचं लग्न आहे, ते आधीच नवसारीला जाणार, तुम्ही अमावास्येला होडी न्यायला याल तेव्हा घरी फक्त काकी असतील. होडी ओढायची घाई करू नका. सकाळी चिखल असेल. दुपारी दीडला भरतीचं पाणी पूर्ण चढलं की होडी आपोआप उभी राहील आणि बांधापर्यंत तरंगत येईल. तुम्ही नुसता दोर धरा. पण पाणी चढताना चिखलात कुणी उभं राहू नका. अकराच्या पुढं कुणीच नाही.

सुंदरानं हे सगळं भाईदासला सांगितलं. तो हसला.

"पाणी चढनं म्हंजे होडी वाही जाई," तो म्हणाला. "मन्हा बाप सांगे. होडी ओढानी ती पाणी उतरेल ऱ्हास तव्हय. चढता पाणीमा होडीले हात लावाना नही. नदी नदीच ऱ्हास."

सुंदरालाही ते पटलं. पुरात होड्या वाहून जातानाच तिनं पाहिल्या होत्या.

*

अमावास्येच्या सकाळी आठला ते बांधावर पोचले. आखाजी तीन दिवसांवर होती. भाईदासचा भाचा चेतन टेम्पो चालवी. सूत घेऊन तो त्याच दिवशी नंदुरबारला जाणार होता आणि अर्धा टेम्पो रिकामा होता. होडी मागं थोडी बाहेर राहिली असती, तिला लाल कापड बांधलं की झालं.

"मामी, बारापर्यंत थांबसू," चेतन म्हणाला. "त्याना पुढे नही. मालकना फोनवर फोन येतस. मी सांगेल शे का पंक्चर शे."

"आठ वाजताना पंक्चर बारापर्यंत?"

"दोन चाकं सांगेल शेतस."

खाडी पूर्ण उतरली होती. समुद्राच्या बाजूनं वारा येत होता आणि त्याला कुजलेल्या माशांचा वास होता. दूरवर कारखान्यांची धुराडी दिसत होती. चिखल उन्हात चकाकत होता आणि त्याच्यावर लहान खेकडे धावत होते. गावातली चार-पाच कुत्री होडीच्याही पलीकडं, पाण्याच्या पट्ट्यापाशी काहीतरी हुंगत फिरत होती. कुत्री एवढ्या आत गेली आहेत म्हणजे जागा धोक्याची नाही, असं सुंदरानं स्वतःला सांगितलं.

भाईदासनं बीमची ट्रॉली आणली होती. खात्याच्या सिमेंटच्या फरशीवर त्या ट्रॉलीवरून तो एकटा दोन-दोनशे किलोचा बीम नेत असे. त्याचा विचार सरळ होता. होडी ट्रॉलीवर चढवायची आणि ढकलत आणायची. चौघांनी मिळून होडीचं टोक उचललं, ट्रॉली खाली सरकवली आणि ढकललं. ट्रॉली एक हात पुढं गेली. मग तिची लहान लोखंडी चाकं चिखलात शिरली, आणि शिरतच राहिली. होडीच्या वजनानं ट्रॉली दांड्यापर्यंत आत गेली. आता ट्रॉलीही निघेना आणि तिच्यावर अडकलेली होडीही निघेना.

ती सोडवण्यात दीड तास गेला. भाईदास पोटावर पडून हातांनी चिखल उपसत होता. वर्षाच्या पायाला शिंपल्याची धार लागली. चेतन प्रत्येक वेळी फोन वाजला की हात पँटला पुसून बांधाकडं पळे. शेवटी होडी ट्रॉलीवरून घसरली. ट्रॉली आत राहिली.

"ऱ्हावू दे," सुंदरा म्हणाली आणि हातानंही म्हणाली.

भाईदासनं त्या जागेकडं पाहिलं. वरचा दांडा तेवढा दिसत होता.

मग त्यानं दोर लावले. पुढच्या टोकाचा लांब दोर बांधाकडं नेला. बांधावर ठाकोरकाकांच्या होडीसाठी रोवलेला बाभळीचा जाड खुंटा होता, तिथं उभं राहून तिघांनी ओढायचं. स्वतः भाईदास मागं राहिला. मागच्या दोराचं टोक त्यानं कमरेला दोन वेढे देऊन गाठ मारून बांधलं. तापीवर त्याचा बाप असंच करी. होडी उतारावर सुटली तर मागच्या माणसाचं अंग तिला धरून ठेवतं.

"कमरेले काब्र?" सुंदरानं खुणेनं विचारलं.

"हात रिकामा ऱ्हातस," तो म्हणाला आणि खांदा होडीला लावला.

ते ओढू लागले. त्याचा खांदा खाली जाई, मग होडीचं टोक थोडं वर येई, त्याच वेळी तिघांनी झटका द्यायचा. चिखल होडीला धरून ठेवी आणि मग फच्च आवाज करून एकदम सोडी. एका झटक्याला हातभर. कधी तेवढंही नाही. ऊन डोक्यावर यायला लागलं. होडीनं अर्धं अंतर तोडलं. तिच्यामागं गुळगुळीत वाट पडली होती आणि त्या वाटेच्या दोन्ही बाजूंना भाईदासच्या पायांची खोल भोकं होती. आता तो जिथं उभा होता तिथला चिखल जास्त मऊ होता. गुडघे दिसत नव्हते.

साडेदहा वाजले असतील. चेतनचा फोन पुन्हा वाजला. तो बोलत बोलत टेम्पोकडं गेला. टेम्पो बांधाच्या टोकाला, लांब, बाभळींच्या आड होता. मालकाला टेम्पोचा फोटो हवा होता, पंक्चर झालेल्या चाकाचा.

दोघीच ओढू लागल्या. वर्षा थांबली.

"माय, ते देख. कुत्रा परत निंघनात."

कुत्री पाण्याच्या पट्ट्यापासून बांधाकडं येत होती. पळत नव्हती. एकामागं एक, शाळा सुटल्यासारखी, शांतपणे येत होती. भाईदासच्या बाजूनं गेली, बांध चढली, अंग झटकलं आणि सावलीत जाऊन बसली. चिखलावर चोच मारणारे पांढरे पक्षीही उठून बांधापलीकडच्या झाडावर बसत होते.

सुंदरानं दोर सैल सोडला. तिनं वरच्या बाजूला पाहिलं, पूर्वेला, जिकडून नदी येते तिकडं. तिकडं काहीच नव्हतं. चिखल, ऊन, पाण्याचा बारीक पट्टा. ती बघत राहिली. काही नाही.

"किती वाजनात?"

"अकराले पाच कमी."

काकांनी अकरा सांगितले होते. पण पाणी वरून येईल तेव्हा आधी दिसेल, पट्टा फुगेल, गढूळ होईल, काडीकचरा येईल. तेवढ्यात भाईदास चालत बाहेर येईल. असं तिच्या मनात चाललं होतं, आणि तिची नजर पूर्वेलाच होती, तेव्हा वर्षानं तिचा दंड धरला.

"माय. इकडे."

पश्चिमेला, समुद्राच्या बाजूला, पट्ट्यावर एक पांढरी रेघ आडवी आली होती. ती हातभरही उंच नव्हती. तिच्यामागं पाणी तपकिरी आणि जाड होतं, आणि ते पट्ट्यात मावत नव्हतं. ते दोन्हीकडं चिखलावर पसरत, भाकरीच्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा चर्र आवाज करत येत होतं. उलटं येत होतं. नदी उलटी वाहत होती. सुंदरानं जन्मात असं पाहिलं नव्हतं, आणि दोन-तीन क्षण तिला ते खरं वाटलंच नाही.

भाईदासची पाठ तिकडं होती. तो होडीच्या मागच्या उजव्या कोपऱ्याला खांदा लावून, मान खाली घालून, दोर ताणला जाण्याची वाट बघत होता.

"बाबा," वर्षा ओरडली. "बाबा, बाबा, मागे." तिचा आवाज फाटला. गावातल्या एका घराचं दार उघडलं. भाईदास हलला नाही.

सुंदरानं दोर जोरानं ओढला. त्याला वाटलं, झटका दिला. त्यानं खांदा आणखी रोवला आणि आणखी खोल गेला. वर्षा बांध उतरून चिखलात धावली. दहा पावलांवर ती मांडीपर्यंत रुतली आणि तोंडावर पडली.

"मागे ये, पोरी. मागे ये."

रेघ होडीच्या जुन्या जागेपर्यंत आली होती. ट्रॉलीचा दांडा दिसत होता, आणि मग दिसेनासा झाला.

सुंदराचे पाय जागचे हलत नव्हते. तिचे हात मात्र हलले. डबा तिच्या पायाशी होता. तिनं झाकण ओढून काढलं. भाकरी खाली पडल्या. तिनं झाकण उन्हात धरलं. सूर्य जवळजवळ डोक्यावर होता आणि कवडसा नीट पडेना. तो चिखलावर थरथरला, होडीच्या निळ्या कडेवर गेला, सुटला, पुन्हा आला. तिनं दुसऱ्या हातानं मनगट घट्ट धरलं. कवडसा सरकत सरकत भाईदासच्या तोंडासमोरच्या फळीवर येऊन थांबला.

त्यानं मान वर केली. डबा आला की करी तशीच.

तिनं झाकण टाकलं, दोन्ही हात डोक्यावर नेले आणि बोटं जोडून फाकवली. तार तुटली. पुन्हा. तार तुटली.

भाईदासनं खांदा काढला. का, कुठं, काही न विचारता त्याचे दोन्ही हात होडीवरून सुटले. मग त्यानं बघायला सुरुवात केली. आधी पूर्वेला पाहिलं. तोही तिकडंच पाहणार हे तिला ठाऊक होतं. तिनं हात पश्चिमेला लांब केला. तो वळला.

पाणी त्याच्यापासून वीस पावलांवर होतं.

त्यानं पाय उचलला. पाय आला नाही. दुसरा उचलला. मांड्यांपर्यंत चिखल होता आणि तो घट्ट धरून होता. तो वाकला आणि कमरेची गाठ सोडू लागला. ओला दोर चिखलात फुगला होता. बोटं घसरत होती. पाणी त्याच्या मागून आलं, आधी मांड्यांना लागलं, मग लगेच कमरेला. सुंदराला त्याचं तोंड दिसत होतं. तो घाबरला आहे हे तिनं लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं. वॉचमनची शिट्टी काढून घेतली त्या दिवशी तोंड वेगळं होतं. हे तोंड लहान पोराचं होतं.

होडी हलली. जिला चौघांनी तीन तास ओढलं, ती पाण्यानं एका बाजूनं अलगद उचलली. ती सरळ उभी राहिली आणि तिचं मागचं टोक नदीच्या वरच्या अंगाला वळू लागलं. कमरेचा दोर ताणला गेला. भाईदास पुढं झुकला. पाय चिखलात, कंबर होडीकडं. आता पाणी छातीला.

तो अजून गाठच शोधत होता. मान खाली होती. सुंदरानं खाली वाकून झाकण उचललं, पण उचलताना तिला दिसलं की तो वर बघतो आहे. आपणहून. तिच्याकडं. पुढं काय, असं विचारणारे डोळे होते.

तिनं झाकण सोडलं आणि दोन्ही तळवे वर उचलले. बीम चढव.

त्याला क्षणभर कळलं नाही. तिनं पुन्हा उचलले, सगळं अंग लावून, चवड्यांवर उभं राहून. बीम चढव.

भाईदासनं गाठ सोडून दिली. होडीची कड दोन्ही हातांनी धरली आणि बीमला देई तसा श्वास रोखून अंगाला झटका दिला. होडी त्याच वेळी वर येत होती. दोर, हात आणि पाणी, तिघांनी त्याला एकदम ओढलं. चिखलानं त्याचा उजवा पाय सोडला, मग डावा. तो पोटावर होडीत पडला आणि दिसेनासा झाला.

"दोर, माय, दोर."

वर्षा चिखलानं माखून बांधावर चढली होती. होडी आता पाण्याबरोबर धावत होती आणि पुढचा दोर सुंदराच्या तळहातांतून जळत सरकत होता. वर्षानं दोराचं शेवटचं टोक पकडलं आणि बाभळीच्या खुंट्याभोवती पळत एक वेढा घातला, मग दुसरा. दोर कर्रकर्र वाजला. खुंटा हलला. धरला. होडी दोराच्या टोकाला अडली, हिसका खाऊन वळली, आणि गोल फिरत, हळूहळू, बांधाकडं येऊ लागली. कुणी तिला ओढत नव्हतं.

सुंदरा पाण्याच्या कडेला गुडघ्यांवर बसली होती. होडीत काही हलत नव्हतं. होडी बांधाला लागली तेव्हा तिनं आत पाहिलं. भाईदास आत शिरलेल्या पाण्यात, शिडाच्या घडीवर उताणा पडला होता. डोळे उघडे होते. छाती वरखाली होत होती. त्याच्या डाव्या पायाची वीतभर कातडी शिंपल्यांनी सोलली होती. त्यानं तिच्याकडं पाहिलं आणि मूठ वळून मनगट फिरवलं.

"चहा मांगी ऱ्हायना," वर्षा म्हणाली आणि रडू लागली.

*

ठाकोरकाकांच्या घरून काकी आल्या. त्यांनीच दार उघडलं होतं. त्यांनी किटलीभर चहा आणला आणि भाईदासच्या पायाला हळद लावली. त्या फार रागावल्या नाहीत, पण वर्षाला त्यांनी बाजूला बसवून विचारलं, "काकांनी सांगितलं नव्हतं का?"

"सांगितलं होतं," वर्षा गुजरातीत म्हणाली. "आम्हाला वाटलं, नदी आहे."

"नदी दिवसातून दोनदा दरियाची असते," काकी म्हणाल्या. "अमावास्येला अकरा वाजले की इथली कुत्रीसुद्धा वर येतात."

दीड वाजता पाणी बांधाच्या वरच्या दगडाला लागलं. होडी टेम्पोच्या फाळक्याएवढी उंच तरंगत होती. चेतननं तोपर्यंत मालकाला चौथं कारण सांगितलं होतं. टेम्पो मागं घेतला, दोन फळ्या टाकल्या, आणि गावातल्या तीन माणसांनी होडी हसत-बोलत, वाढप्यांनी पातेलं सरकवावं तशी, आत सरकवली. एवढंच काम होतं ते.

भाईदासच्या कमरेची गाठ अजून तशीच होती. दोर काकींच्या विळीनं होडीच्या बाजूनं कापला होता, पण वेढे कुणाला सुटत नव्हते. टेम्पोच्या मागच्या बाजूला, होडीशेजारी सुताच्या पोत्यांवर बसून, सुंदरानं वर्षाच्या खडे उचलायच्या सुईनं ती गाठ उकलली. सोनगडच्या पुढं जाईपर्यंत तिला वेळ लागला. गाठ सुटल्यावर त्याच्या कमरेवर लाल पट्टा उमटलेला दिसला, आणि सुंदरानं हात त्याच्यावर ठेवला तो नंदुरबारपर्यंत उचलला नाही.

*

आखाजीच्या सकाळी घाटावर झोके बांधलेले होते आणि बायका गाणी म्हणत होत्या. सोसायटीचे चेअरमन बळीराम खुर्ची टाकून बसले होते. होडी घाटाला लागलेली होती. सुकदेवनं तिला हळदकुंकू लावलं होतं.

"होडी बरी शे," बळीराम म्हणाले. "पन भाईदासले आयकू येस नही म्हने. एकटाले पाणीवर कसं सोडू? उद्या काही व्हयनं तं सोसायटीना माथावर."

"एकटा नही," सुंदरा पुढं होऊन म्हणाली. "मी शे बरोबर."

लोक तिच्याकडं बघू लागले. "पोहता येस का तुले, वहिनी?" कुणीतरी मागून विचारलं.

"नही."

हसू झालं. जागेवर टपलेला काशिनाथचा मुलगा सगळ्यांत मोठ्यानं हसला. "मंग होडीमा काय करशी? भाकरी?"

सुंदराच्या तळहातांवर दोराचे फोड अजून ओले होते. तिनं हात मागं लपवले आणि बळीरामांकडं पाहिलं.

"यासले आयकू येस नही. मी दखस आन सांगस."

बळीरामांनी भाईदासकडं पाहिलं. भाईदास कुणाकडंच बघत नव्हता. तो फक्त सुंदराच्या हातांकडं बघत होता. बळीरामांनी वहीत भाईदासच्या नावाखाली सुंदराचं नाव लिहिलं.

भाईदासनं मागं उभं राहून बांबू टेकवला आणि होडी घाटापासून सुटली. सुंदरा पुढच्या टोकाला बसली होती, पुढच्या पाण्याकडं पाठ करून, त्याच्याकडं तोंड करून. डब्याचं झाकण तिच्या मांडीवर होतं. तिनं एका हातानं होडीची कड घट्ट धरली होती. घाट लहान होत गेला. गाणी ऐकू येईनाशी झाली.

हे अडवलेलं पाणी होतं. इथं समुद्र नव्हता, खालच्या बाजूनं काही येणार नव्हतं, हे सुकदेवनं तिला दहा वेळा सांगितलं होतं. तिनं आधी नदीच्या वरच्या बाजूला पाहिलं. मग भाईदासच्या खांद्यावरून, त्याच्या पाठीमागं, खालच्या बाजूला पाहिलं. काहीच नव्हतं. ती तिकडं बघत राहिली.